सोडा, बिअर आणि रॉकेल

महायुद्धात हरलेल्या जर्मनीत, फ्रँकफुर्टच्या एका प्रयोगशाळेत ओटो स्टर्न आणि वॉल्टर गेरलाख चांदीच्या वाफेशी झुंजत होते. भट्टीत चांदी तापवायची, बाहेर पडणाऱ्या अणूंचा बारीक झोत निर्वातातून एका असमान चुंबकक्षेत्रात सोडायचा आणि पलीकडच्या काचेवर त्याचा एक डाग उमटतो की दोन, हे पाहायचे. सांगायला सोपे, पण पैसे नव्हते. मार्क रोज घसरत होता. संस्थेचे प्रमुख माक्स बॉर्न यांनी आइनस्टाइनच्या सापेक्षतेवर तिकीट लावून जाहीर व्याख्याने दिली आणि तो गल्ला प्रयोगात ओतला. तोही संपला, तेव्हा त्यांनी न्यूयॉर्कच्या हेन्री गोल्डमन या सावकारी पेढीवाल्याला पत्र लिहिले. गोल्डमनने काहीशे डॉलरचा चेक पाठवला, आणि त्या काळच्या विनिमयदरात ती रक्कम प्रयोग तगवायला पुरली. फेब्रुवारी १९२२ मध्ये झोत दुभंगला. दोन अवस्था, मधले काही नाही. आजच्या क्वांटम संगणकाचा क्युबिट समजावून सांगताना शिक्षक फळ्यावर ज्या दोन अवस्था काढतात, त्यांचे पहिले उघड दर्शन ते हेच. गोल्डमनला यात काय मिळणार होते? काही नाही. त्याचा हेतू मात्र निर्मळ विज्ञानप्रेमाचा होता असेही नाही. तो जर्मन वंशाचा होता. युद्धात त्याची सहानुभूती जर्मनीकडे होती आणि त्यावरून झालेल्या वादात त्याने १९१७ मध्ये घरची पेढी सोडली होती. चेकमागे राजकारण होते. प्रयोगाच्या निकालावर मात्र चेक देणाऱ्याचा कसलाही हक्क नव्हता.

हेतू आणि हक्क यांतला हा फरक आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या चर्चेत फारसा पाळला जात नाही. विज्ञानाला सीमा नसतात, असे म्हणायची पद्धत आहे. पुंजभौतिकीचा, म्हणजे क्वांटम भौतिकीचा, इतिहास पाहिला तर विज्ञानाला सीमा चांगल्याच असतात. त्या ओलांडता येतात त्या पैशाच्या विशिष्ट प्रकारामुळे. देणाऱ्याचे मन स्वच्छ असलेच पाहिजे असे नाही. त्याने निकालावर मालकी सांगू नये, आणि पैसा जमेल तितका माणसाबरोबर चालता असावा, एवढ्या दोन गोष्टी जिथे होत्या तिथे सहकार्य टिकले. जिथे नव्हत्या तिथे ठराव झाले, छायाचित्रे निघाली आणि पुढे सीमा परत आल्या.

सुरुवात सोड्यापासून करावी लागते. धुण्याचा सोडा आणि काच यांना लागणारे सोडियम कार्बोनेट स्वस्तात बनवायची रीत बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्वे यांनी १८६० च्या दशकात बसवली आणि त्यावर अफाट संपत्ती कमावली. कॉलेजचे शिक्षण न झालेल्या या उद्योगपतीला द्रव्य आणि गुरुत्वाकर्षण यांचा स्वतःचा एक सिद्धांत मांडायचा होता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी हे हेरले. ऑक्टोबर १९११ च्या अखेरीस ब्रुसेल्सच्या हॉटेल मेट्रोपोलमध्ये सॉल्वेंच्या खर्चाने प्लांक, आइनस्टाइन, मारी क्यूरी, रदरफर्ड, प्वाँकारे, सॉमरफेल्ड अशी मंडळी जमली; विषय होता प्रारण आणि पुंज, अध्यक्ष हॉलंडचे लॉरेन्ट्झ. आरंभी सॉल्वेंचा सिद्धांत सर्वांनी सभ्यपणे ऐकून घेतला, नंतर कोणी त्याचे नाव काढले नाही, आणि सॉल्वेंनीही राग धरला नाही. उलट पुढच्याच वर्षी दहा लाख फ्रँक बाजूला काढून त्यांनी भौतिकीसाठी आंतरराष्ट्रीय संस्था उभी केली, जिच्या अनुदानांचा वाटा जर्मन प्रयोगशाळांनाही मिळू लागला. देणाऱ्याला स्वतःचे वेड असावे आणि त्याने ते पंगतीत वाढून पाहावे, पण कोणाच्या पानात ते राहिले याची मोजदाद करू नये, असा हा दुर्मीळ यजमान होता.

पण खासगी, उदार, निर्हेतुक म्हणावे असे हे सहकार्य तीन वर्षांत कोसळले. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसले, लूव्हाँच्या विद्यापीठाचे ग्रंथालय जळाले, आणि ऑक्टोबरमध्ये जर्मनीच्या ९३ नामवंतांनी सैन्याची बाजू घेणारे जाहीर पत्रक काढले. त्यावर प्लांक यांची सही होती आणि ज्यांनी सॉल्वेंना परिषदेची कल्पना पटवली त्या नेर्न्स्ट यांचीही. प्लांक यांनी १९१६ मध्ये लॉरेन्ट्झ यांना लिहिलेल्या खुल्या पत्रात काहीशी माघार घेतली, पण घाव बसला होता. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ब्रुसेल्समध्येच विजेत्यांनी आंतरराष्ट्रीय संशोधन परिषद स्थापली आणि पराभूत देशांना दार बंद केले. १९२१ आणि १९२४ च्या सॉल्वे परिषदांना जर्मन नव्हते. आइनस्टाइन यांना अपवाद म्हणून बोलावले, तर १९२१ साली ते अमेरिकेत जेरुसलेमच्या नियोजित विद्यापीठासाठी निधी गोळा करत होते आणि १९२४ साली सहकाऱ्यांना वगळले म्हणून त्यांनी नकार दिला. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तेव्हा पुंजसिद्धांताचा ना शस्त्राला उपयोग होता ना बाजाराला. आज सहकार्य आटते ते संशोधनाला किंमत आली म्हणून, तेव्हा किंमत नव्हती म्हणून सगळे मोकळे होते, असे जे म्हटले जाते ते या बहिष्कारापुढे टिकत नाही. निरुपयोगी विज्ञानालाही माणसे दार लावतात.

मग ही भिंत ओलांडली कशी? एका छोट्या तटस्थ देशातून. कोपनहेगनचा बिअरवाला जे. सी. याकोबसेन याने १८७६ मध्ये कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान स्थापून भट्टीचा नफा विज्ञानाकडे वळवला होता. डॉक्टरेट झालेला नील्स बोर १९११ मध्ये केंब्रिजला आणि तिथून मँचेस्टरला रदरफर्डकडे गेला तो याच पैशावर. अणूची बोरकृत रचना त्या प्रवासातून आली. युद्धानंतर १९१९ मध्ये डेन्मार्कच्या संसदेने पन्नास लाख क्रोनरचा रास्क-अर्स्टेड निधी काढला, त्याचा उघड उद्देशच दुभंगलेल्या विद्वानांना पुन्हा एकत्र आणणे हा. हा सरकारी पैसा होता आणि त्यात छोट्या देशाचा स्वार्थही होता: दोन्ही बाजूंची माणसे आपल्याकडे आली की आपले वजन वाढते. पण पैसा जायचा तो परदेशी पाहुण्याच्या राहण्याखाण्याला, आणि पाहुण्याने काय शोधावे, कुठे छापावे, यावर अट नव्हती. मार्च १९२१ मध्ये बोर यांची संस्था उघडली. त्या दशकात सतरा देशांतले साठहून अधिक संशोधक तिथे महिना-महिना, वर्ष-वर्ष राहिले. जपानचे योशियो निशिना पाच वर्षांहून अधिक काळ राहिले आणि परतून त्यांनी आपल्या देशात पुंजभौतिकीची शाळा घातली. जपानचा उल्लेख आला म्हणून सांगायला हवे की उलट्या दिशेनेही पैसा वाहत होता: हाजिमे होशी या तोक्योच्या औषध उत्पादकाने १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात भुकेल्या जर्मन रसायनशास्त्राला आणि अणुसंशोधनाला देणग्या दिल्या. आशियातला कारखानदार युरोपच्या प्रयोगशाळांचे भाडे भरतो आहे, हे चित्र आपल्या नेहमीच्या इतिहासात बसत नाही, म्हणून गळून जाते.

तिसरा पैसा तेलाचा. आपल्याकडचा रॉकेल हा शब्द खडकातल्या तेलाच्या इंग्रजी नावावरून आला, रॉकफेलरच्या नावावरून नव्हे. पण जगभर दिव्यांत रॉकेल ओतून जॉन डी. रॉकफेलर यांनी संपत्ती जमवली हे खरेच. त्यातून १९२३ मध्ये त्यांच्या मुलाने आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढले. मंडळाचे प्रमुख विक्लिफ रोझ यांनी बोर यांच्या संस्थेच्या विस्ताराला ४०,००० डॉलर दिले, मात्र त्याहून मोलाची ठरली ती तरुणांची शिष्यवृत्ती. तिचा एक नियम साधा आणि हुशारीचा होता: उमेदवाराने बाहेर जाऊन शिकावे, पण परतल्यावर आपल्या देशात त्याच्यासाठी जागा आहे अशी हमी आधी दाखवावी. म्हणजे पैसा माणसाबरोबर जाई आणि माणसाबरोबर परत येई. पळवापळवीचा आरोप टळे. या शिष्यवृत्तीवर वेर्नर हायझेनबर्ग १९२४ च्या सप्टेंबरात ग्योटिंगेनहून कोपनहेगनला गेले. तिथे त्यांनी हॉलंडच्या क्रामर्स यांच्याबरोबर प्रकाशाच्या विकिरणावर लिहिलेला निबंध हीच ती पायरी, जिच्यावरून १९२५ च्या उन्हाळ्यात ते पुंजयामिकीच्या पहिल्या मांडणीपर्यंत चढले. फर्मी याच पैशावर लायडनला गेले. फ्रिट्झ लंडन झुरिकला गेले आणि तिथे हाइटलर यांच्यासह १९२७ मध्ये दोन हायड्रोजन अणू एकमेकांना का धरून राहतात हे पुंजसिद्धांताने उलगडले. बहिष्कार कागदावर १९२६ मध्ये उठला, जर्मनी राष्ट्रसंघात आला, लॉरेन्ट्झ यांनी बेल्जियमच्या राजाची संमती मिळवली आणि ऑक्टोबर १९२७ ची ती प्रसिद्ध सॉल्वे परिषद भरली. तिचे छायाचित्र सहकार्याचे प्रतीक म्हणून छापतात. खरे तर त्यातल्या तरुणांची एकमेकांशी गाठ आधीच, शिष्यवृत्तीच्या भाड्याच्या खोल्यांत, पडून गेली होती. परिषद हे फळ होते, बी नव्हे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: हा उदारपणा निवडकांसाठी होता. रोझ यांचे धोरणच असे की जिथे शिखर आहे तिथेच ते आणखी उंच करावे. पायथ्याच्या लोकांचे काय? ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये प्लांकचा नियम नव्या रीतीने सिद्ध करून निबंध आइनस्टाइन यांना पाठवला. त्यांचा युरोपप्रवास ना सोड्याने झाला ना तेलाने. आइनस्टाइन यांचे पोस्टकार्ड पाहून ढाका विद्यापीठाने दोन वर्षांची रजा आणि खर्च मंजूर केला, आणि जर्मन वकिलातीने तेच कार्ड पाहून शुल्क न घेता व्हिसा दिला. पारतंत्र्यातल्या शास्त्रज्ञाला आंतरराष्ट्रीय निधीच्या नकाशावर जागा नव्हती, हा आक्षेप मान्यच करायला हवा. पण त्यातून निघते काय? माणसाबरोबर जाणारा पैसा वाईट होता असे नाही, तर तो पुरेशा माणसांपर्यंत पोचला नाही, एवढेच. बोस यांचेही काम शेवटी तशाच पैशाने झाले, फक्त तो घरच्या विद्यापीठाने दिला आणि एका पोस्टकार्डाच्या योगायोगावर दिला.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. रॉकफेलरचा पैसा निरुपद्रवी राहिला का? नाही राहिला. १९३० मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाने बर्लिनमध्ये भौतिकीची कैसर विल्हेल्म संस्था बांधायचे वचन दिले. मग हिटलर आला, यहुदी प्राध्यापकांना काढले गेले, तरी दिलेल्या शब्दाखातर पैसा गेला आणि इमारत १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभी राहिली. संचालक होते हॉलंडचे पीटर डिबाय. युद्ध सुरू होताच लष्कराने संस्था युरेनियमच्या कामासाठी ताब्यात घेतली, परदेशी नागरिक असलेले डिबाय अमेरिकेला गेले, आणि १९४२ मध्ये संचालकपदी आले हायझेनबर्ग. एकाच तिजोरीतून गेलेल्या दोन रकमा शेजारी ठेवून पाहाव्यात. १९२४ ची शिष्यवृत्ती पुंजयामिकी घडवून गेली आणि ती साऱ्या जगाची झाली. भिंतींत गेलेली मोठी रक्कम ज्याची जमीन त्याची झाली. कोपनहेगनची संस्थाही डिसेंबर १९४३ मध्ये जर्मनांनी ताब्यात घेतलीच. पण तोवर तिचे खरे भांडवल, म्हणजे तिथे राहून गेलेली माणसे, जगभर पांगले होते आणि बोर स्वतः निसटले होते. इमारत देऊच नये असा याचा अर्थ नाही. प्रयोगाला छप्पर लागतेच. छपराखाली उद्या कोणाचा हुकूम चालेल यावर मात्र परदेशी दात्याचा ताबा नसतो, हे देताना धरून चालावे लागते.

इथे तिसरा आक्षेप येतो, आणि आजच्या प्रयोगशाळांतून तो सर्वांत जोराने येतो: तेव्हा कागद-पेन्सिलीचे भौतिकशास्त्र होते, शिष्यवृत्तीने भागे; आजच्या क्वांटम संगणकाला निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या हिश्शाइतक्या तापमानावर थंड ठेवणारे यंत्र लागते, त्याची किंमत कोटींत आहे, तिथे प्रवासभत्त्याने काय होणार? उत्तर त्या यंत्राच्याच पोटात आहे. अतिसंवाहक क्युबिट ज्या विरलन शीतकात टांगतात, त्याची कल्पना १९५१ मध्ये मांडली हाइन्ट्स लंडन यांनी. हे फ्रिट्झ लंडन यांचे धाकटे भाऊ. हिटलर सत्तेवर आल्यावर ऑक्सफर्डच्या फ्रेडरिक लिंडमन यांनी आयसीआय या रसायन कंपनीला पटवून हद्दपार शास्त्रज्ञांसाठी पैसा मिळवला. फ्रान्झ झिमोन, निकोलस कुर्टी आणि दोघे लंडन बंधू त्यावर ऑक्सफर्डला आले, आणि ब्रिटनमध्ये अतिशीत तापमानाचे शास्त्र रुजले. कंपनीचा हेतू? दया होती, आणि कुशल माणसे स्वस्तात मिळत होती. योगायोग असा की आयसीआयच्या घटक कंपन्यांतली ब्रनर माँड ही सॉल्वेंच्याच परवान्याने सोडा बनवून मोठी झाली होती. म्हणजे पुन्हा सोडाच! हाइन्ट्स यांची युक्ती प्रत्यक्षात उतरली ती साठच्या दशकात, हॉलंडमधल्या लायडनला. आजचे सर्वांत खर्चिक उपकरण अशा रीतीने एका निर्वासिताच्या पोटगीवर उभे आहे. अर्थात ते भरायला लागणारा हीलियम-३ वायू मुख्यतः अण्वस्त्रांसाठी साठवलेल्या ट्रिटियमच्या क्षयातून मिळतो, म्हणजे त्याची तोटी सरकारांच्या हातात आहे. इतिहास कोणालाच पूर्ण जिंकू देत नाही.

मग सरकारे एकत्र येऊन पैसा घालूच शकत नाहीत का? जिनीव्हाजवळचे सर्न हे ठळक उत्तर समोर ठेवले जाते, आणि ते खरेच मोठे यश आहे. १९५४ मध्ये संस्था अस्तित्वात आली, तिचा सैद्धांतिक विभाग पहिली काही वर्षे बोर यांच्या छायेत कोपनहेगनलाच होता. पण तिच्या करारातच दोन गोष्टी लिहिल्या आहेत: लष्करी गरजांशी संबंध ठेवायचा नाही आणि निष्कर्ष खुले करायचे. देणाऱ्या सरकारांनी निकालावरचा हक्क आधीच सोडून दिला. सर्नचे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, आधार देते. १९९४ मध्ये बेल प्रयोगशाळेत पीटर शोर यांनी क्वांटम संगणक मोठ्या संख्यांचे अवयव पटकन पाडू शकेल हे दाखवले आणि बँकांपासून लष्करांपर्यंत सर्वांची प्रचलित कुलुपे धोक्यात आली. त्यानंतर तो हक्क सोडायला कोण राजी होईल? युरोपने २०१८ मध्ये दहा वर्षांसाठी शंभर कोटी युरोंचा क्वांटम प्रकल्प सुरू केला, अमेरिकेने त्याच वर्षी कायदा केला, ब्रिटनने २०२३ मध्ये दहा वर्षांत अडीचशे कोटी पौंडांचे धोरण जाहीर केले. रकमा रॉकफेलरला लाजवतील अशा, पण २०२१ मध्ये युरोपीय आयोग आपल्या क्वांटम प्रकल्पांतून ब्रिटन, स्वित्झर्लंड आणि इस्रायल यांना वगळायचा विचार करत होता. २०२४ मध्ये अनेक देशांनी जवळपास एकसारख्या शब्दांत ३४ क्युबिटांपासून पुढच्या संगणकांवर निर्यात-निर्बंध आणले. निर्बंधांच्या मसुद्याबाबत दिसलेली ही एकवाक्यता अनुदानांच्या बाबतीत दिसती तर बरे झाले असते. जे चालते ते पुन्हा छोटेच आहे. क्वांटेरा या युरोपीय योजनेत प्रस्ताव सगळे देश मिळून तपासतात आणि निवड झाल्यावर प्रत्येक देश फक्त आपापल्या शास्त्रज्ञाला पैसे देतो. त्याचे समन्वयन पोलंडच्या राष्ट्रीय विज्ञान केंद्राकडे आहे, पॅरिस-बर्लिनकडे नाही. तुलनेने कमी दबदब्याच्या देशाने यजमान व्हावे, हा डेन्मार्कचाच कित्ता.

माणसाबरोबर चाललेला पैसा किती लांब जातो हे २०१७ मध्ये दिसले. चीनचे पान चियानवेई व्हिएन्नाला अँटोन झाइलिंगर यांच्याकडे १९९९ मध्ये डॉक्टर झाले आणि काही वर्षांनी मायदेशी परतले. झाइलिंगर युरोपीय अंतराळ संस्थेकडे क्वांटम उपग्रहाची कल्पना घेऊन गेले होते, तिथे ती पुढे सरकली नाही. शिष्याच्या देशाने ऑगस्ट २०१६ मध्ये तो उपग्रह सोडला, आणि पुढच्या वर्षी २९ सप्टेंबरला बीजिंग आणि व्हिएन्ना यांच्यात त्याच्या किल्लीने सुरक्षित केलेले दृक्‌संभाषण झाले. दोन राष्ट्रांमधले हे सहकार्य जुळले ते जुन्या गुरुशिष्य नात्यावर. पण इथेही हक्काचा प्रश्न सुटलेला नाही: उपग्रह चीनचा, किल्ली चीनच्या यंत्रात तयार होणारी, आणि आज असे एकत्र काम पुन्हा मंजूर करायला युरोपात कोणी सहजासहजी धजावणार नाही.

भारताने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले; त्याच्या चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापनाचे केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. त्याआधीपासून चाललेल्या वेगळ्या एका प्रयत्नात, ऑगस्ट २०२४ मध्ये, संरक्षण संशोधन संस्थेची पुण्यातील तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि टीसीएस यांनी मिळून सहा क्युबिटांच्या अतिसंवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. टाटांच्या धर्मादाय पैशावर १९४५ मध्ये सुरू झालेली संस्था, लष्कराची प्रयोगशाळा आणि बाजारातली कंपनी, असे तीन खिसे एका चिपमागे आहेत, आणि तिन्ही घरचेच. सहा हा आकडा चौतीसपासून बराच दूर आहे, त्यामुळे अजून ती चिप कोणाच्या निर्बंधयादीत येत नाही. थंडी मात्र तिला हाइन्ट्स लंडन यांच्याच युक्तीची लागते.